सात बादल्या

"डोल नी गणवानी, बेटा. माणस गणवानुं," ठाकोरकाका म्हणाले होते. बादली मोजू नकोस, माणूस मोज.

वैशालीने कडेवरच्या चंचलला सावरत हसण्यावारी नेलं होतं. "काका, बादली नळाला लागली म्हणजे माणूस उठलाच ना? बादली काय आपल्या पायांनी चालत येते?"

काका हसले नाहीत. सातही बादल्या नळापुढे रांगेत होत्या, तरी त्यांनी चौथ्या खोलीचं दार वाजवलं. आतून झोपेने जडावलेला आवाज आला, "हाजर, काका, हाजर! आता झोपू द्या ना, बाप्पा!" मग कुठे ते वळले. सुकलाल कापडाच्या लूमवर रातपाळी करायचा, सकाळी येऊन आडवा व्हायचा. त्याची बादली शेजारच्या मालतीबाई लावायच्या.

वैशाली तशी धास्तावलेली बाई. निजलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून बघायची, गॅसचं बटण तीनतीनदा चाचपायची. अमळनेरला बी.ए. झाली होती, पण तिथे शिकलेलं काही या धास्तीला पुरत नव्हतं. जिथे धास्ती घ्यायची नेमकी तिथे मात्र ती हसली.

कतारगामच्या त्या गल्लीत सात खोल्यांची एक ओळ होती. सहांत खानदेशातली माणसं. कोपऱ्यातल्या सातवीत ठाकोरकाका. मूळचे नवसारीकडचे. विशीत फिजीला गेले, सुवा गावात सदतीस वर्षं शिलाई केली. सत्याऐंशीला तिकडे लष्कराने सरकार उलथवलं, हिंदुस्थानी लोकांच्या दुकानांवर दगड आले. काका बायकोला घेऊन परतले. पुढे बायको गेली. मुलगा न्यूझीलंडला. सोबत राहिलं ते शिलाईचं मशीन आणि एक पत्र्याची पेटी.

चौऱ्याण्णवला, प्लेगच्या वर्षी, ही ओळ एका दिवसात रिकामी झाली होती. कोण गावाला गेलं, कोण दवाखान्यात, कोणाला काही पत्ता नाही. मागे एकटे काका. माणसं परत आली तेव्हापासून त्यांनी सकाळची हजेरी सुरू केली. नळ आला की सात दारं, सात आवाज. पोरंसोरं वेडावून दाखवायची. काकांनी सोडलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात क्वालालंपूरला राष्ट्रकुलचे खेळ लागले, आणि ओळीत एकच टीव्ही, तो वैशालीकडे. काका तीन दिवस अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तिच्या उंबऱ्याशी बसले. त्यांना सात माणसांचं रग्बी बघायचं होतं. टीव्हीवर वजन उचलणारे दिसले, बंदुकवाले दिसले, रग्बी काही येईना.

"काका, सातच माणसं ना?" वैशालीचा नवरा रामदास चहा फुरकत म्हणाला. "मग आमची कबड्डी काय वाईट शे? तीबी सातचीच."

"कबड्डीनुं मैदान केवडुं? आंगणा जेवडुं!" काका उसळले. "हे मैदान पंधरा माणसाचं. तेवढंच ठेवलं ने माणसं केली सात. एक पडला तर केवढी जागा उघडी पडते, बोल! म्हणून सहा जण कुठे आहेत ते सातव्याला पाठ पाहिजे. डोळे मिटून."

मग ते सांगत बसले. गोऱ्यांनी पंधराचा खेळ शिकवला, फिजीवाले शिकले, खेळले. पण जीव लागला सातवर. गावोगाव पोरं नारळ घेऊन पळायची, बाटलीत चिंध्या भरून पळायची. टीमवाले वाळूच्या टेकडीवर चढ-उतर करायचे, ओकारी येईपर्यंत. सत्याहत्तरला हाँगकाँगहून पहिला कप आणला, मागच्या वर्षी वर्ल्ड कप. जिंकले की मैदानात गोल करून देवाचं गाणं गायचे. हरले तरी गायचे.

"पंधराची टीम हरली तर लोक बोलते, चालो, होय, चालायचंच. सातची हरली तर घरात चूल नी पेटे."

"आणि तुम्ही काय करायचे तिथे?"

"क्लबच्या जर्सी शिवायचो. दहा शिवायच्या, मैदानात सात उतरायचे. पहिल्या वर्षी मी दुकानातून जर्सी मोजली ने बोललो, आपली टीम पूरी आहे. तिघे आलेच नव्हते. जर्सी दोरीवर वाळत होत्या." काकांनी कानाला हात लावला. "त्या दिवसापासून कपडा नी गणवानो."

रामदासने डोळा मारला. "काका, हाकललं ना तुम्हाला तिथून? तरी आपली टीम, आपली टीम?"

काकांनी चंचलच्या झबल्याची शिवण ओढून बघितली. "सरकारे काढ्यो," ते म्हणाले. "टीमे नथी काढ्यो."

चौथ्या दिवशी बातम्यांत अर्धा मिनिट दाखवलं. काळे कपडे घातलेली माणसं उड्या मारत होती, पांढऱ्या कपड्यातली खाली बसली होती. फिजी अंतिम सामन्यात न्यूझीलंडकडून हरलं होतं. पांढरी माणसं उठून गोल करायला लागली आणि तेवढ्यात हवामान आलं. काका उठले. संध्याकाळी त्यांच्या खोलीतून स्टोव्हचा आवाज आला नाही. वैशालीने भाकरी नेऊन दिली, ती सकाळी तशीच झाकलेली होती.

दोन दिवसांनी उकाई धरणाचं पाणी सोडलं. भोंग्याची गाडी सांगून गेली. आधीही सांगून गेली होती, तेव्हा घोट्याएवढंच आलं होतं. या वेळी सकाळी दहाच्या सुमाराला गटारीतून उलटं पाणी फुगलं आणि बघता बघता उंबरे बुडाले. रामदास कारखान्यात अडकलेला.

"वैशाली! पोरले ले नि चाल वर! पानी ई राह्यनं!" मालतीबाई ओरडल्या.

घरमालकाची गच्ची काकांच्या कोपऱ्याच्या उलट टोकाला होती. वैशालीने चंचलला छातीशी बांधलं, पिठाचा डबा आपल्या हिरव्या बादलीत घालून ती एका हातात घेतली. तिच्या दाराशी काका गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी आपली लाल बादली तिच्या मोकळ्या हातात दिली. आत बिस्किटं, काडेपेटी, चंचलसाठी शिवलेली दोन झबली.

"आ लई जा. हुं आवु छु."

"आत्ताच चला ना, काका."

"तू जा, बेटा. तुझ्याजवळ पोरगी आहे."

ती गेली.

गच्चीवर दोन चाळींची माणसं दाटली होती. पाऊस सुरू होता. प्यायला पाणी लागेल म्हणून बायकांनी बादल्या रिकाम्या करून कठड्याशी मांडल्या. चंचल रडत होती. वैशालीचं मन ठिकाणावर नव्हतं, म्हणून तिने त्याला काम दिलं. बादल्या मोजल्या. मालतीबाईंची पितळी कडीची, निंबाची फुटक्या काठाची, कलाबाईंची निळी, स्वतःची हिरवी, सुकलालची, धुडकूतात्यांची, काकांची लाल. सात. तिने पुन्हा मोजल्या. सात. तिच्या जिवाला जरा बरं वाटलं, आणि ती चंचलला पाजायला पाठमोरी बसली.

सुकलाल कधी वर आला तिला कळलं नाही. कमरेपर्यंत भिजलेला, डोळ्यांत अजून झोप. तो कोणाला तरी सांगत होता, "मी तर मेल्यासारखा निजेल होतो. काकांनी दार तोडायचं बाकी ठेवलं. हाजर? हाजर? मले बाहेर काढलं नि म्हणे, पळ. पेटी घेऊन मागून येतो म्हणे."

"कधी?" वैशालीने विचारलं.

"झाला की तास. मी जिन्यातच बसेल होतो, पाय चालेना."

वैशालीने कठड्याकडे बघितलं. लाल बादली तिथेच होती, पावसाने अर्धी भरलेली. ती तिच्याच हाताने वर आली होती.

तिने खाली वाकून हाक मारली. मग मालतीबाईंनी मारली. मग सगळ्यांनी. खाली दारांच्या चौकटींचा फक्त वरचा पट्टा दिसत होता, आणि पाणी रस्त्यावरून शांत, जसं काही रोजच जातं तसं जात होतं. निंबा कमरेला साडी बांधून उतरला, दोन दारांपलीकडे त्याला जाता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. काकांच्या खोलीचं दार आत उघडणारं होतं. कपाट आडवं होऊन त्याला आतून लागलं होतं. रामदास आणि सुकलालने दार तोडलं. रामदास बाहेर आला आणि नळापाशी जाऊन हात धूत राहिला. नळाला पाणी नव्हतं.

वैशाली रडली नाही. काकांची खोली खरवडली, चिखल पाटीने काढला, चंचलला उकळलेलं पाणी पाजलं. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक पांढरी जर्सी निघाली, कधी न घातलेली, दहांतली आठवी की नववी, कोण जाणे. न्यूझीलंडहून मुलाचा फोन आला मालकाकडे. तो म्हणाला, सामान तुम्हीच ठेवा. तिने जर्सी सोडा घालून तीनदा धुतली. चहासारखा रंग राहिलाच. दोरीवर घातली तेव्हा वाऱ्याने तिच्या बाह्या भरल्या, आणि वैशाली आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नळ आला. सात बादल्या लागल्या, कारण लाल बादली कोणीतरी सवयीने आणून ठेवली होती. कोणी दार वाजवलं नाही.

नंतर रामदासला डिंडोलीकडे काम मिळालं आणि ती नवागामला राहायला आली. इथे ती रोज सकाळी दारं वाजवते. नव्या बायका म्हणतात, मास्तरीण आली हजेरी घ्यायला. म्हणू देत.

पण कतारगामची ती ओळ तिला लांब पडते. काकांच्या कोपऱ्यातल्या खोलीत आता धुडकूतात्या राहतात. ती जरा मोठी आहे म्हणून त्यांनी मागून घेतली. एकटेच आहेत, कानाने कमी, बायको शिंदखेड्याला लेकीकडे. वैशालीची एवढीच विनंती आहे. तुमचं त्या बाजूला जाणं झालं तर जरा डोकावून या. दाराशी लाल बादली दिसेल, बहुतेक भरलेली. तिच्यावर जाऊ नका. दार वाजवा. तात्या आतून "आलो" म्हणतील. ते बाहेर येईपर्यंत उभे राहा.