उंब्रजची भाकरी

शालननं आंबिलीची वाटी तोंडापर्यंत नेली, तशीच खाली ठेवली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीकडं बघत बसली. तिची सासू मनुबाई समोर पाट टाकून बसली होती, पिकाच्या राखणीला बसावं तशी. सुनेच्या गळ्याची हाडं वर आली होती. मंगळसूत्राखालची कातडी कधी उन्हात रापली नव्हती, तेवढा पट्टा आता उघडा पडून पांढरा दिसत होता.

"दोन घोट तरी घे."

"उतरत न्हाई, आत्या."

हट्ट नव्हता तो. हट्ट असता तर मनुबाईनं कधीच मोडून काढला असता, तिच्यापुढं कुणाचा हट्ट टिकलाय? ही पोर मुकाट ताटावर येऊन बसायची, घास हातात घ्यायची आणि तिथंच थांबायची. मनुबाईनं वाटी उचलली, मागं परड्यात जाऊन म्हशीच्या घमेल्यात ओतली आणि विसळून पालथी घातली.

शालनच्या नवऱ्याचं, जयराजचं तेरावं होऊन गेलं होतं. मनुबाईचा एकुलता एक. पलूसच्या खालच्या अंगाला नदीकडचं गाव, उसाचं रान, फौजेतून हवालदार होऊन आलेला लेक आणि चार वर्षांमागं बांधलेलं स्लॅबचं घर, एवढ्यावर तिची मान ताठ होती. लेक सांगलीला दवाखान्यात वारला, तिथंच प्लॅस्टिकचे कपडे घातलेल्या माणसांनी त्याला अग्नी दिला. चुलतभाऊ नानासोनं राखेचं गाडगं आणून बांधावरच्या बाभळीला टांगलं, कारण राख घरात आणायची नसते. मनुबाई गच्चीवर वाळवण घालायला गेली की तिला ते गाडगं दिसायचं. ती बघायची, आणि खाली वाकून कुरडया परतायची. डोळ्यांना पाणी येत नव्हतं. आतून कुणीतरी सारवून घ्यावं तसं सगळं सपाट झालं होतं.

गावात करोना शिरला त्या वर्षी मनुबाईच्या अंगात कलेक्टर संचारलाय, असं गल्ली म्हणायची. तिनं फाटकाला आडवा कासरा बांधला. कासऱ्याच्या आत परक्याचा पाय नाही आणि बाहेरचं अन्न नाही. दुधाची किटली बाहेरच्या बाहेर मिठाच्या पाण्यानं धुवायची. रोज सकाळी पितळी पातेल्यात गुळवेल, अडुळसा, तुळस, सुंठ आणि मिरी उकळायची आणि घरातल्या प्रत्येकानं तिच्यासमोर पेला रिकामा करायचा. नात सृष्टी तोंड वाकडं करायची, तिला मनुबाई म्हणायची, "कडू पोटात गेल्याबिगार अंगात ताकद येत न्हाई." पहिल्या वर्षी घरात कुणी शिंकलंसुद्धा नाही. मनुबाईनं त्याचं श्रेय देवालाही दिलं नाही, स्वतःकडंच ठेवलं.

त्याच वर्षीच्या बेंदराची गोष्ट. समोरच्या घरची धोंडुबाई खपली गव्हाची खीर घेऊन फाटकाशी आली होती. धोंडुबाईचं माहेर उंब्रज आणि शालनचंही उंब्रजच. एका गावच्या म्हणून धोंडुबाईचा या सुनेवर जीव, सणासुदीला काहीबाही घेऊन यायची. मनुबाईनं तिला डबा कासऱ्याबाहेरच ठेवायला लावला. तुमच्या घरात कोण खोकतंय आणि कोण नाही हे मला काय ठाऊक, असं म्हणाली, आणि धोंडुबाई तिथं उभी असतानाच डबा म्हशीपुढं रिता केला. म्हशीनं खीर चाटून पुसून खाल्ली. धोंडुबाईनं रिकामा डबा उचलला आणि गेली. तेव्हापासून दोघींच्या मधल्या रस्त्यावर बोलणं नव्हतं.

दुसऱ्या साली जयराज शिरवळच्या कंपनीत सिक्युरिटीला होता. तिथनं आला तो अंगात ताप घेऊनच. मनुबाईनं त्याला माडीवर निजवलं आणि काढा दिवसातनं तीनदा केला. फौजेतलं हाड हाय, दोन दिसात उठंल, असं ती विचारणाऱ्याला कासऱ्याच्या आतनं सांगायची. मग शालनलाही ताप भरला. सृष्टीला तिचा मामा मोटारीतनं उंब्रजला घेऊन गेला. मनुबाईला नुसतं पडसं झालं, दोन दिवस नाक वाहिलं आणि थांबलं. जयराजला धाप लागली तेव्हा कुठं गाडी आली. पलूसला खाट मिळाली नाही, सांगलीला मिळाली. यापुढचं मनुबाई आठवत नसे. आठवायला बसली की हाताला काहीतरी काम लागायचं.

म्हातारी तगली आणि पोर गेलं, हे लोक तिच्या तोंडावर म्हणत नव्हते. पण पाण्याच्या नळावर बायका गप्प व्हायच्या तेव्हा ती त्यांचं न बोललेलं ऐकायची. तिची धडधाकट तब्येत आता तिच्या अंगावर दुसऱ्याचं लुगडं नेसल्यासारखी वाटायची.

सकाळी सरकारी दवाखान्याची आशाताई आली होती. तिनं फाटकावरनंच शालनच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा चांगला होता. रोग गेलाय, आता घराबाहेर बसायलाही हरकत नाही, असं तिनं सांगितलं. मग आवाज खाली करून म्हणाली की अंगात काही उरलेलं नाही, हिनं खाल्लं नाही तर सलाईनवर किती दिवस काढणार, आणि दुसरा कुठला ताप आला तर त्याच्याशी झगडायला हिच्यात आहे काय. अंडं द्या, डाळ द्या, काढा पुरे करा. काढा पुरे करा, हे मनुबाईला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याची सात पिढ्यांची उजळणी झाली असती. ती नुसती बरं म्हणाली.

दुपारच्या आधी शालनच्या भावाचा, पृथ्वीराजचा फोन आला. तो स्वतः अंथरुणात होता, बायकोला कराडला ऑक्सिजन लावला होता. सृष्टी ठणठणीत आहे, शेजारच्या काकूंकडं ठेवलीय, एवढं त्यानं सांगितलं आणि पुढं त्याला बोलवेना. शालननं फोन मांडीवर ठेवला. भिंतीला सांगावं तशी म्हणाली,

"दादा भाकरी घिऊन आला असता."

मनुबाई तांदूळ निवडत होती. तिचं बोट सुपात थांबलं.

इतके दिवस तिच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, दुसऱ्याच्या चुलीवरची भाकरी येते. आणि ज्या बाईचं कपाळ गेलं, तिच्या तोंडात पहिला घास माहेरच्या माणसानं घालायचा. कडू घास म्हणतात त्याला. तो पोटात गेला की तोंड मोकळं होतं, मग बाई रडते, भांडते, जेवते. तोवर घरचं अन्न समोर असलं तरी तिचं नसतं. मनुबाईनं मात्र दुसऱ्याच दिवशी चूल पेटवली होती. आजाऱ्याला सुतक नसतं, काढा उकळायला पाहिजे, असं म्हणून. भावकीतलं कुणी फिरकलं नाही आणि त्यांना बोल लावायला जागा नव्हती, कासरा तिनंच बांधलेला.

पोरीचं तोंडच कुणी सोडलं नव्हतं. आणि उंब्रजहून कुणी येण्यासारखं नव्हतं.

म्हणजे उंब्रजची एकच बाई उरली.

मनुबाईनं सूप भिंतीला लावलं. आयुष्यात तिनं कुणाच्या दारात उसनं मीठही मागितलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा नाही, लेकाची पलटण सीमेवर होती तेव्हा नाही. ती उठली, पदर नाकावरनं घेतला आणि फाटकापर्यंत गेली. ऊन डांबरावर सांडलं होतं. समोर धोंडुबाई दारात बसून शेंगा फोडत होती. तिनं एकदा वर बघितलं आणि पुन्हा शेंगेत लक्ष घातलं.

"धोंडुबाई."

टरफल फुटल्याचा आवाज झाला.

"तुज्या चुलीवर भाकरी हाय का?"

"हाय की," धोंडुबाई मान वर न करता म्हणाली. "म्हस उपाशी हाय व्हय तुजी?"

ते मनुबाईला लागायला हवं होतं. लागलं नाही. कुठंतरी दूर दुसऱ्याच बाईला कुणीतरी काहीतरी बोललं, असं वाटलं.

"म्हशीला न्हाई. शालनच्या तोंडात घालायला पायजे. तिचा भाऊ यीऊ शकत न्हाई. तू तिच्या गावची हायस."

धोंडुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अजून कुणी घास न्हाई दिला तिला?"

"न्हाई."

"इतकं दिस?"

"न्हाई म्हटलं न्हवं."

धोंडुबाईनं सूप बाजूला केलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आत गेली. मनुबाई उन्हात उभी राहिली. समोरून चुलीत काटकी मोडल्याचा आवाज आला, मग पीठ थापल्याचा. शिळी भाकरी नव्हती द्यायची तिला. मनुबाईनं कासऱ्याच्या गाठीला हात घातला. वर्षभर पाऊस आणि ऊन खाऊन गाठ दगड झाली होती. बोटांनी सुटेना, तेव्हा तिनं दात लावले.

शालनला तिनं बाहेरच्या कट्ट्यावर आणून बसवलं. कुठं, का, हे त्या पोरीनं विचारलं नाही. धोंडुबाई आली ती नाकाला पदर आवळून, हातात झाकलेलं ताट. फाटकाशी तिची पावलं थांबली. तिनं खाली पडलेल्या कासऱ्याकडं बघितलं.

"माज्या करोनाच्या दोन्ही सुया झाल्यात. तुला खोटं वाटत आसंल तर मोबाइलवर दावते."

"ये आत," मनुबाई म्हणाली.

धोंडुबाई कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली. ताटात गरम भाकरी होती, पिठलं होतं आणि बाजूला कडूलिंबाची दोन पानं. भाकरीचा वास आला तशी शालननं मान वळवली. धोंडुबाईनं तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि हात लांब करून तिच्या तळहातावर ठेवला.

"उंब्रजची हाय समज, पोरी. माज्या आयनं शिकविल्याली भाकरी हाय ही. तुज्या आज्जीच्या न् तिच्या चुली एकाच भिताडाला व्हत्या."

शालन तुकड्याकडं बघत राहिली. मग शालननं हात तोंडाकडं नेला. घास गालात फिरला, थांबला, पुन्हा फिरला. गळा एकदा हलला आणि ते खाली गेलं. तिच्या डोळ्यातनं पाणी आलं, आवाज नाही, तोंड चघळतच राहिलं. धोंडुबाईनं दुसरा तुकडा ठेवला, मग तिसरा. गल्लीतनं एक सायकल गेली, सायकलवाल्यानं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

मग धोंडुबाईनं आणखी एक तुकडा मोडला आणि तो हात मनुबाईकडं वळवला.

"मला कशाला?"

"तुला कुणी दिला?"

"मी जेवतीया की रोज."

"ते मला ठावं हाय. दिला कुणी, ते इचारलं."

मनुबाईचं माहेर संपून जमाना झाला होता. भाऊ गेला, भावजय गेली, पोरं पुण्याला, घराला कुलूप. लेक गेलेल्या आईलाही घास द्यायचा असतो, हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. तिनं हात पुढं केला. धोंडुबाईनं तुकडा ठेवताना तिच्या बोटाला बोट लावलं, मुद्दाम की चुकून कोण जाणे, आणि त्या बोटाला वर्षभरात कुणी परक्यानं शिवलेलं नव्हतं.

ती चावत राहिली. घास मऊ झाला, त्याचं पाणी झालं, तरी गिळायचं राहिलं.

"आक्का," शालन म्हणाली. आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेल्या नळासारखा. "पिठल्यात मीठ इसरलासा व्हय?"

धोंडुबाईनं बोट बुडवून चाखलं आणि कपाळाला हात लावला. घाईघाईत झालं म्हणाली. मनुबाईकडं बघून पुढं म्हणाली, "आन् तू तर मगाधरनं चावतीयास. अळणी हाय म्हणून तोंडातनं ब्र तरी काढायचा."

मनुबाईनं घास गिळला. तो अळणी होता की खारट, गोड होता की कडू, हे तिला सांगता आलं नसतं. मिरीनं भरलेले काढ्याचे पेले ती रोज रिकामे करत होती, त्यांची चवही तिला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती. पडशानं गेली असेल. किंवा त्यानंतर.

"मीठ आन की," धोंडुबाई म्हणाली. "पोर थांबलीया."

मनुबाई उठली. स्वयंपाकघरात चुलीवर काढ्याचं पातेलं निवत ठेवलेलं होतं. तिनं ते खाली उतरवून ठेवलं आणि मिठाची बरणी हातात घेतली. बरणी घेऊन ती दारात आली तेव्हा शालननं ताट स्वतःकडं ओढून घेतलं होतं आणि भाकरीचा पापुद्रा सोडवत होती. मनुबाईनं चिमूटभर मीठ पिठल्यावर टाकलं.

"अजून?" तिनं विचारलं.

शालननं चाखून बघितलं. "अजून जरा."

मनुबाईनं अजून जरा टाकलं आणि बोटाला चिकटलेले खडे जिभेवर ठेवून ती कट्ट्यावर बसली. शालन जेवत होती. जिभेवरचं मीठ विरघळेपर्यंत मनुबाई वाट बघत राहिली.