भिंतीकडचा गुलखैरा

दसऱ्याला अमोलनं गाडी घेतली आणि घरामागच्या मातीचे दिवस भरले. अकोल्याच्या त्या कॉलनीत तशीही माती कोणाकडे उरली नव्हती. जिकडे पाहावं तिकडे सिमेंटचे गट्टू. चिखल नको, मुंगी नको, पडलेलं पान नको. आणि मग गच्चीवर प्लास्टिकच्या कुंडीत प्लास्टिकचं फूल. याला म्हणे सुधारणा! या सुधारणेसाठी नत्थुजींजवळ जो शब्द होता तो सुनेसमोर काढता येत नव्हता, म्हणून ते नुसते थुंकत.

"बाबा, दिवाळीच्या आधी गट्टूवाले येऊन राहिले," अमोल म्हणाला. "गाडी काय रस्त्यावर ठेवू?"

"तुई माय तिथं गुलखैरा लावे."

"माय गेली, बाबा." अमोलनं मान खाली घातली. "मागच्या वर्षी लावला काय कोनं?"

नव्हता लावला. मैनाबाई मागच्या वर्षीच्या श्रावणात गेली, आणि त्या कोजागिरीला घरात कोणाला बियाची आठवण असणार! नाहीतर दरवर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ती लुगडं खोचून भिंतीकडे बसायची. ओटीत बी, जवळ पाण्याचा तांब्या. नत्थुजी खाटेवर चहा पीत तिची मजा घ्यायचे, "काय वो, किती एकराची पेरनी हाय?" ती वळूनही पाहायची नाही. म्हणायची, "तुमी बसा. बसनंच जमते तुमाले." आणि शिमग्यापर्यंत भिंतीच्या वर डोकं काढून गुलखैरा उभा. गुलाबी, मरून फुलांचा. लहानपणी अमोल त्याची पाकळी नाकावर चिकटवून कोंबडा होई आणि साऱ्या आळीत आरवत फिरे.

बी अजून होतं. मिठाच्या बरणीमागं, राखेत घोळून बांधलेली चिंधीची पुरचुंडी. चपटं बी, सदऱ्याच्या गुंडीसारखं. वाण मूळ मैनाबाईनं माहेरून, धामणगावहून आणलेलं. पुरचुंडीतलं हे शेवटचं, दोन वर्षांचं जुनं झालेलं. यंदा जमिनीत गेलं तर गेलं, पुढच्या वर्षी त्यात जीव राहण्याची आशा नव्हती.

"असं कर," नत्थुजी म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांब. उगवलं तं भिंतीकडचा पट्टा सोडायचा. नाई उगवलं तं टाक तुये गट्टू."

अमोल कबूल झाला.

आता गंमत अशी, की नत्थुजींनी उभ्या जन्मात बियाला हात लावला नव्हता. वऱ्हाडात तिफन गड्यानं हाकायची आणि मागून बी बाईनं सोडायचं. हे कोणी कोणाला शिकवत नाही, पाहूनच अंगात येतं. तरणेपणी त्यांनी वावरात तिफन हाकली, मग एसटीत लागले आणि धारणीच्या घाटात बस हाकली. हाकणंच हाकणं. पीक आलं की मिशीवर ताव देत "मी पिकवलं" म्हणायला गडी पुढं, आणि जिच्या मुठीतून दाणा पडला ती मागं, उन्हात. मैनाबाईनं याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. उघडायला पाहिजे होतं.

त्यांनी कुदळीनं तास ओढला, बी टाकलं, माती लोटली आणि वरून बादलीनं पाणी ओतलं. दिवस गेले. काहीच नाही. काळी माती वाळून वरून फरशीसारखी टणक झाली. शेवटी त्यांनी धामणगावला मैनाबाईच्या बहिणीला, गंगूबाईला फोन लावला.

"वरून बादली ओतली?" गंगूबाई ओरडली. "भाऊजी, बी पेरलं का गाडी धुतली?"

"तू सांग ना, आता काय करू."

"पापडी धरली असंन मातीनं. कोंब खालीच अडकला. बोटानं फोडा, हलक्या हातानं. अन् आयका, आमच्याकडं कवाच सिमेंट झालं. माह्या मायचं तेवढंच बी राह्यलं आता."

हलका हात! तो कुठून आणायचा? नत्थुजींनी खुरपं घेतलं आणि भिंतीच्या एका टोकापासून सुरुवात केली. ढेकूळ उचललं की खाली पांढरं काहीतरी. त्यांना आधी मुळ्या वाटल्या. बरंच पुढं गेल्यावर त्यांनी एक ढेकूळ डोळ्याजवळ धरलं. कोंब होते ते. वाकलेले, मानेतून तुटलेले. जुनं बी जगलं होतं, पापडीखाली वाट शोधत होतं, आणि त्यांनी आपल्या हातानं त्याची मुंडी मोडली होती.

सून आचल बाहेर आली तेव्हा ते मातीत बसून होते. "मामाजी, गट्टूवाले आले," ती म्हणाली. मागून अमोल आला.

"उगवलं काय, बाबा?"

"उगवलं होतं. म्या मारलं."

"मंग?"

"मंग काई नाई. पट्टा राह्यते."

"आपलं बोलनं झालं होतं."

"झालं होतं. मोडून राहिलो मी. जे करायचं ते कर. पयले मले उचलून बाहेर टाक."

अमोलला राग आला होता. चेहऱ्यावर दिसत होता. त्यानं बापाच्या हातातलं ढेकूळ घेतलं आणि पाहत राहिला. मायनं मरेपर्यंत भिंतीशी बसून जे केलं, ते त्यानं इतक्या जवळून आज पहिल्यांदा पाहिलं होतं. एवढीशी पांढरी मान.

"भाऊ," तो गट्टूवाल्याकडे वळून म्हणाला, "भिंतीपासून दोन हात सोडून टाका. गाडी बसते, म्या मोजलं."

"म्हंजे आधीच मोजलं होतं तुमी?" आचल म्हणाली.

भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पापडीचा हातभर तुकडा अजून फोडायचा राहिला होता. नत्थुजींनी खुरपं दूर फेकलं आणि आचलकडून पाण्याचा तांब्या मागवला. तांब्यात बोटं बुडवून ते पापडीवर थेंब झटकू लागले. थोडे मातीवर, बरेच स्वतःच्याच धोतरावर. खिशातला फोन वाजला. आचलनं तो काढून त्यांच्या कानाला धरला.

"काय वो भाऊजी, दिसलं काय काही?"

"चूप बस गंगू," नत्थुजी म्हणाले, "माती भिजू दे."