माहेरच्या लुगड्याची वाट

मोतीबिंदू काढल्यापासून बिद्रीजवळच्या एका गावातल्या गल्लीत कुणाची सुई ओवायची असली, की बायका चिमणाबाईकडेच यायच्या. म्हातारीचा तोराही काही कमी नव्हता. "कृष्णात, म्या मेल्यावर ह्ये डोळं जाळायचं न्हाईत हां. कुणाला तरी दे," असं ती लेकाला जेवतानासुद्धा बजावायची. साखर कारखान्यात नोकरीला असलेला कृष्णात "व्हय की," म्हणत भाकरी मोडायचा.

एका सकाळी सुई ओवता ओवताच ती कलंडली, ती उठलीच नाही.

कृष्णातची बायको वैजयंता डोळे पुसत म्हणाली, "आत्तींनी सांगितलंय न्हवं? फोन लावा." त्यानं कोल्हापूरच्या नेत्रपेढीला फोन लावला.

"सहा तासांच्या आत यावं लागेल," तिकडून सांगितलं. "बाईंची इच्छा होती, पण घरच्यांच्या सहीशिवाय आम्ही हात लावत नाही. निघू का?"

तेवढ्यात चुलती तानाबाई कडाडली, "डोळं काढून देतोस व्हय रं? फुडल्या जल्मी आंधळी हुईल की ती! आन् तिच्या भावाला काय तोंड दावशील?"

ओसरीवर बसलेले भाऊबंद माना वळवून बघू लागले. "मामा येऊ देत, मग सांगतो," म्हणून कृष्णातनं फोन ठेवला.

माहेरचं लुगडं आल्याशिवाय बाईला उचलायचं नाही, ही आपली रीत. आकाराममामा नेसरीहून लुगडं घेऊन निघाला होता आणि वाटेत त्याची गाडी बंद पडली होती. कृष्णात त्याच्याशी फोनवर बोलला, पण कुठवर आलात एवढंच विचारलं. डोळ्यांचं विचारायला असा कितीसा वेळ लागला असता? खरं सांगायचं तर ही वाट बघणं त्याच्या पथ्यावरच पडलं होतं. वेळ टळून गेली की नकार द्यायचीही गरज उरणार नव्हती. नेत्रपेढीचा फोन पुन्हा वाजला, तेव्हा त्यानं तो उचललाच नाही.

मामा पोचला तेव्हा दुपार कलली होती, सहा तास कधीच उलटून गेले होते. बहिणीच्या अंगावर लुगडं घालून तो हुंदके देत तिच्या उशाशी बसला. मग तिच्या पापण्यांवरून हात फिरवत म्हणाला, "डोळं दिलं न्हवं रं? दर फोनला मला त्येच सांगायची."

"मामा, तुमचीच वाट बघत हुतो..."

"माझी? आरं, डोळं तिचं, लेक तू. माझी कशापायी?"

कृष्णातनं आईला अग्नी दिला, आणि चितेच्या शेणी-गोवऱ्या धडधडून पेटल्या तेव्हा त्याला तिकडं बघवेना.

रक्षाविसर्जनाला सारा गाव जमला. श्रद्धांजलीला गावातले जाणते हंबीरराव उभे राहिले. "कृष्णातनं आईचं समदं रीतीला धरून केलं. लेक असावा तर असा!" माना डोलल्या. कृष्णातला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला.

"पावणं, माझं कवतिक करू नगासा. आईनं डोळं द्यायला सांगितलं हुतं. सही माझी लागत हुती, ती म्या केली न्हाय. मामाचं नाव फुडं केलं, लुगड्याचं नाव फुडं केलं. माझ्या आईचं डोळं म्या जाळलं."

तानाबाईनं तोंडाला पदर लावला. कृष्णात तरीही खाली बसला नाही.

"तुमच्याबी घरात कुणीतरी आसंच सांगून ठेवलं आसंल. येळ आली तर सही करशीला न्हवं?"

बरेच जण आपापल्या चपला शोधू लागले.