हैदराबादचं आभाळ

चैत्रातले ते आठ दिवस झरी गावात वारा म्हणून नव्हता. झुंबरबाईची ज्वारी मळून खळ्यावर पडली होती. पण वाऱ्यावाचून उपणायची कशी? वर्षाची भाकर भुसकटासकट उघड्यावर. आभाळाच्या कडेला रोज सांजेला ढगांची गुरं गोळा व्हायची आणि पाणी न पिताच परतायची. नवरा, वैजीनाथ, बिनघोर होता. रेडिओ कोरडं सांगतोय म्हटल्यावर काळजी कसली?

रेडिओ चावडीत. किल्ली दिनकरराव मास्तरांकडं. कुणी काटा हलवू नये म्हणून त्यांनी चार वर्षांमागं बटणावर लाखेचा टिपका दिला होता. सांजेला हैदराबादचा माणूस बोलायचा, ‘रियासत में मौसम खुश्क रहेगा.’ बाजारात ऐकून ऐकून तेवढी उर्दू साऱ्यांनाच यायची. बायका भिंतीआडून ऐकत. झुंबरबाईला त्या आवाजाची गुंगीच चढायची. वाटायचं, हा माणूस उंच मनोऱ्यावर बसलाय, मांडीवर सगळा मुलूख वाकळेसारखा पसरलाय, आणि कुठं ओल आलीय का ते हात फिरवून बघतोय. झरीवरनं हात गेला की तिच्या पाठीवरनंच गेल्यासारखं व्हायचं. नवऱ्याला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ही.

बुधवारी वालूरहून तिचा भाऊ चंद्रभान आला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. काल आभाळातनं पडलेली गार लागली म्हणाला. वैजीनाथ म्हणाला, पडली असंल एखादी. रास शुक्रवारी पुजायची ठरलीय, आणि पुजल्याबिगर दाणा घरात येत नसतो.

त्या सांजेला झुंबरबाई भिंतीआड थांबली नाही. पदर सावरत चावडीच्या पायरीशीच गेली.

“मास्तर, ह्यो बाबा आपलंच आभाळ बगायलाय का?”

माणसं हसली. मास्तरही हसले, आणि मध्येच थांबले. गेल्या दिवाळीत जिल्हा हैदराबादेतनं निघून मुंबई राज्यात गेला होता. चावडीची पाटी बदलली, शिक्के बदलले, शाळेत नवा नकाशा लागला. लाख तेवढी कुणी फोडली नव्हती.

“वयनी,” ते हळूच म्हणाले, “त्याच्या रियासतीत आता आपुन न्हाईच की.”

अडकित्त्यानं लाख फोडली. काटा सरकला. शिट्ट्या, खरखर, कुठलंसं गाणं. मग मुंबईची परीटघडीची मराठी: मराठवाड्यात उद्या दुपारनंतर सोसाट्याचा वारा, गारा.

गुरुवारी उजाडताच वारा सुटला. आठ दिवस वाट पाहिली तो हाच, आणि भ्यायचं तेही ह्यालाच. झुंबरबाई तिपाईवर चढली. चंद्रभान पाट्या भरून वर देत होता. ती धार सोडी. दाणा पायाशी पडे, भुसकट सोनेरी धुरासारखं पिंगळी गावाकडं जाई. हात आपले की वाऱ्याचे, हे तिला कळेनासं झालं.

दुपारी आभाळ जांभळं पडलं. वैजीनाथ राशीपुढं आडवा उभा राहिला. पूजा शुक्रवारची हाय, म्हणाला.

“अवो, देवाला आजचंच आवतण द्या,” ती वरनंच म्हणाली. “त्याला कुठं लांबनं यायचंय?”

त्यानं नारळ फोडला. हळदकुंकू लागलं न लागलं तोच पोती भरायला घेतली. शेवटची गाडी दारात आली आणि पहिली गार बैलाच्या शिंगावर वाजली. कडबा भिजला. भुसकट गावभर उडालं, ते शेजारच्या बायनाबाईच्या कढीतही सापडलं, आणि त्यावरून पुढं महिनाभर ऐकून घ्यावं लागलं.

पण त्या घटकेला झुंबरबाई उंबऱ्यावर बसली होती. अंगण पांढरं होत चाललं होतं. तिनं मागं हात नेला आणि उघड्या पोत्यात कोपरापर्यंत खुपसला. बाहेर गारठा, आत ज्वारी अजून उन्हानं कोमट होती.