पेंडशांच्या देवघरातला दिवा

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीचा जिना चपलांनी भरून जायचा. कोथरूडमधली साधी पाच मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर श्रीधर पेंडशांचं दार आणि समोर माझं. चपलांची रांग पेंडशांच्या उंबऱ्याशी सुरू व्हायची आणि माझ्या दारात संपायची, त्यामुळे कचरा बाहेर ठेवायलासुद्धा मला परक्यांच्या सँडल ओलांडाव्या लागत. आत पन्नासएक माणसं दाटीवाटीने बसलेली. देवघरात समईच्या आकाराचा विजेचा दिवा, बंद. त्याच्यापुढे पाटावर तेजोनिधी महाराज, डोळे मिटून, उजवा हात वर करून.

"बटण कोण दाबतंय?" महाराज विचारायचे.

"कोणीच नाही," सगळे म्हणायचे.

"रिमोट कुठं आहे?"

श्रीधरराव लाल कापडात गुंडाळलेला रिमोट कपाळाला लावून सगळ्यांना दाखवायचे. त्यावर इतकं हळदकुंकू वाहिलं होतं की बटणं दिसेनाशी झाली होती. देवीला बटण दाबून बोलवायचं नसतं, या आज्ञेनुसार तो रिमोट निवृत्त झाला होता.

मग प्रवचन. "क्वांटम म्हणजे काय? कण! आणि कणाकणात कोण?" यावर हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसणारी मुलंही माना डोलवायची. प्रवचनाला ठरावीक वेळ नव्हती. ते दिवा लागेपर्यंत चालायचं. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. पण दिवा लागायचा, हे खरं. खट् असा बारीक आवाज होऊन उजेड पडायचा, महाराज डोळे उघडून "आली" म्हणायचे आणि लोक हात जोडायचे. थोड्या वेळाने दिवा विझला की महाराज "गेली" म्हणायचे. देवी रात्रीसुद्धा दोन-तीनदा येऊन जाते, असं श्रीधरराव मला अभिमानाने सांगायचे. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस.

मी सगळं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवलं. तरी खरं सांगते, सुरुवातीला माझं भांडण चमत्काराशी नव्हतं, चपलांशी होतं. ते बदललं एका सकाळी. श्रीधररावांची बायको हेमा दारात रांगोळी काढत होती आणि तिची रेघ सरळ भिंतीवर चालली होती.

"हेमा, डोळ्यांत थेंब घालतेस ना?" मी विचारलं. तिला काचबिंदू आहे.

"बंद केलेत, नम्रता. महाराज म्हणाले, देवी स्वतः तेज द्यायला येतेय आणि तुम्ही मध्ये औषधाचा पडदा धरता. रोज दिव्याकडे बघत बसायचं."

"आणि डॉक्टर?"

"यांनी पुढची तपासणी रद्द केली. मला नाही म्हणवलं नाही गं. शिवाय, दिवा लागतो ना खरंच?"

दिवा का लागतो, याचं उत्तर मलाही हवं होतं. मी संतापाने घरात आले. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. हे मी शिकवलेल्या पाचवीतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

उत्तर मिळालं खालच्या मजल्यावर. तिथे बापूराव राहतात, एकटेच. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "अहो, तुमच्या त्या महाराजांना माझ्यातर्फे धन्यवाद सांगा. माझ्या बाथरूममधलं भूत गेलं."

"कसलं भूत?"

"मध्यंतरी मी संध्याकाळी अंगाला साबण लावला की दिवा जायचा. आपोआप. मी मारुतीस्तोत्र म्हणत आंघोळ उरकायचो. महाराजांचे पाय वर लागले आणि ते थांबलं."

"दिवा लावता कसा?"

"रिमोटने. त्या ज्ञानदेवने बसवलाय, पेंडशांकडे बसवला तोच. रात्री उठावं लागतं, अंधारात भिंत कुठं चाचपत बसू?"

"रात्री किती वेळा उठता, बापूराव?"

"दोन-तीनदा. का हो?"

वर देवीही रात्री दोन-तीनदाच येत होती.

ज्ञानदेव वाशीमचा. आयटी कंपनीतली नोकरी सोडून त्याने घरोघरी रिमोटवर चालणारे दिवे-पंखे बसवायचा धंदा काढला होता. पुण्यात बाहेरून येऊन धंदा काढणाऱ्याचं जसं स्वागत होतं, तसं त्याचं झालं. "वाशीम? तिकडे वीज असते का?" असं श्रीधररावांनी विचारलं होतं. तरी पहिलं काम त्यांनीच दिलं, कारण हेमाला तिन्हीसांजेला बटण सापडत नव्हतं. हेमाने त्याला जेवायला घातलं आणि गिऱ्हाइकंही मिळवून दिली. हल्ली मात्र गिऱ्हाइकं आपोआप येत होती. देवी ज्याच्या वायरीतून आली, त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं, असा कोथरूडभर आग्रह होता.

मी त्याला चहाला बोलावलं. "पेंडशांच्या रिमोटचा नंबर काय?" मी विचारलं. प्रत्येक घरच्या रिमोटला वेगळा नंबर द्यायचा असतो, नाहीतर एकाच्या रिमोटने दुसऱ्याचा दिवा लागतो, एवढं मला ठाऊक होतं.

त्याने कप खाली ठेवला. "एकशे आठ."

"आणि बापूरावांचा?"

"एकशे आठ."

"एकच?"

"मॅडम, मी पेंडसेकाकांना सदतीस दिला होता. ते म्हणाले, विषम आकडा देवघरात नको, एकशे आठ कर. बापूरावांना एकोणीस दिला, तर ते म्हणाले, पेंडशांना एकशे आठ आणि मला उरलेला का? आता सगळेच तोच मागून रायले. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणू?"

"म्हणजे आधी पेंडशांनी रिमोट दाबला की खाली भूत यायचं, आणि आता बापूराव बाथरूमला जातात तेव्हा वर देवी येते. हे तुला कधी कळलं?"

"पंधरा दिवस झाले असतील." तो माझ्याकडे बघत नव्हता. "चूक माझी होती म्हणून सांगितलं, तर मले दारात कोण उभं करेल? मी आधीच बाहेरचा."

"हेमाने डोळ्यांचे थेंब बंद केलेत, ज्ञानदेव. त्या दिव्याच्या भरवशावर."

हे त्याला माहीत नव्हतं. "तो रिमोट तर काकूंच्या डोळ्यांसाठीच बसवला होता," तो म्हणाला आणि चहा तसाच टाकून उठला.

पुढच्या गुरुवारी मी प्रथमच पेंडशांकडे गेले. माझ्या शेजारी बापूराव, झब्ब्याच्या खिशात हात घालून. पलीकडे ज्ञानदेव. महाराजांनी हात वर केला. क्वांटम झालं, कण झाले, कणाकणातला देव झाला. दिवा लागेना. महाराजांनी ब्रह्मांडाची उत्पत्ती सांगितली. त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी हळूच डावा वर केला.

"इथे कोणीतरी अश्रद्ध बसलं आहे," ते म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ज्ञानदेव उभा राहिला. "महाराज, हात खाली घ्या. दुखेल. बापूराव आज आंघोळीला गेले नाहीत, वर आलेत." मग तो लोकांकडे वळला. "चूक माझी आहे. दोन्ही घरांना मी एकच नंबर दिला. बापूराव, दाबा."

बापूरावांनी खिशातला रिमोट काढून बटण दाबलं. खट्. देवी आली. पुन्हा दाबलं. गेली. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मी दाबू?" तिच्यानंतर आणखी चौघांनी दाबून पाहिलं. देवी इतक्या वेळा आली-गेली की कोणी हात जोडायचंही विसरलं.

"बटण माणसाने दाबलं असेल," महाराज म्हणाले, "पण दाबण्याची प्रेरणा कोणाची?"

"प्रोस्टेटची," बापूराव म्हणाले. "डॉक्टरांनी लिहूनच दिलंय."

हसण्याच्या गलक्यात महाराज त्यांच्या लोणी काळभोरच्या मठाकडे निघाले. आपली चप्पल शोधायला मात्र त्यांना बराच वेळ लागला. श्रीधरराव बसूनच होते. "म्हणजे मी रात्री दोनदा उठून नमस्कार करत होतो, तो..." ते म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि रागही तेवढाच आला.

दुसऱ्या दिवशी हेमाला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं आणि डाव्या डोळ्याच्या कडेची नजर गेल्याचं सांगितलं. ती आता यायची नाही. थेंब नीट घातले तर उरलेली टिकेल.

ज्ञानदेवची काही कामं त्या आठवड्यात रद्द झाली. चमत्कारच होत नसेल तर साधं बटण काय वाईट, असं लोकांचं म्हणणं. पण पेंडशांचा दिवा त्याने सदतीसवर नेऊन दिला, आणि त्याच्या दुकानाबाहेर आता पाटी आहे: "नंबर आम्ही ठरवू. रास, मुहूर्त व देवदेवता यांच्याशी त्याचा संबंध नाही."

दिवा आपोआप लागताना दिसला तर जरूर नवल करा, पण बटण कोणाच्या हातात आहे तेही विचारा. आणि विचारून होईपर्यंत औषध बंद करू नका. हेमा आता तिन्हीसांजेला रिमोट दाबते, देवघरातला दिवा लावते, आणि त्याच उजेडात बाटली नीट धरून डोळ्यांत थेंब घालते. डावीकडून मी आले तर तिला दिसत नाही, म्हणून मी आधी हाक मारते.