वहिनींच्या काचघरातली सभा

वहिनींचं काचघर पाडून तिथे आपली गाडी उभी करायची, असं धाकट्या दिराने परस्पर ठरवून टाकलं होतं. वहिनींनी थंडी सरेपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर भाजीवाल्याने त्यांच्या काकड्यांची एक पेटी उचलली तर काचघर राहील, नाहीतर घण.

थंडीत काचा बंद ठेवाव्या लागतात. ऊब टिकते, पण कोंडलेल्या हवेतला कर्बवायू पानं दुपारपर्यंत फस्त करतात आणि मग उपाशी बसतात. मोठे बागायतदार नळीने वायू सोडतात. वहिनींकडे नळी कुठली? त्यांनी माणसं सोडली.

गल्लीत पृथ्वीच्या तापमानाची काळजी वाहणारं एक मंडळ होतं. त्याला बसायला जागा नव्हती.

"माझ्याकडे या की," वहिनी म्हणाल्या. "चहा माझा."

रोज सकाळी वेलींमध्ये बाकं पडू लागली. निवृत्त मास्तर गरजायचे, "हाच तो वायू! पृथ्वीभोवती या काचेसारखा बसलाय. ऊन आत घेतो, ऊब बाहेर जाऊ देत नाही!"

"खरंय हो," म्हणत वहिनी मास्तरांची खुर्ची हळूच एखाद्या अशक्त वेलीकडे सरकवायच्या.

काकड्या बाळसं धरू लागल्या आणि घात झाला. मंडळाचं एकमत झालं! ठराव मंजूर, सभा बरखास्त. इतकी शिकलेली माणसं एका मताची होतील, हे वहिनींच्या हिशोबात कुठून असणार?

त्या तडक दिराकडे गेल्या. "भाऊजी, पृथ्वी तापतेय म्हणे. मास्तरांशी वाद घालायची कुणाची छाती नाही."

"दात वाजताहेत थंडीने, आणि म्हणे तापतेय! बोलवा त्याला!"

झालं. भाऊजी विरुद्ध मास्तर! मंडळ नुसतं ऐकायला म्हणून परतलं, पण गप्प कोण बसतंय? वहिनींनी दार घट्ट लावून घेतलं.

एके दिवशी भाऊजींना शंका आली. "वहिनी, एवढा चहा पाजून तुमच्या पदरात काय पडतं?"

वहिनींनी खरं ते सांगितलं. "तुमच्या श्वासातला वायू. वेली खातात तो."

"काहीतरीच! श्वासाने कुठे काकड्या वाढतात?" म्हणत भाऊजी त्यावर दुपारपर्यंत बोलले. दुसऱ्या दिवशी उरलेले मुद्दे घेऊन आले.

थंडी सरता सरता भाजीवाला आला. त्याने काकडी मोडली, चावली आणि पेटी उचलली.

भाऊजींनी हरकत घ्यायला बोट वर केलं, तोंड उघडलं. आवाजच फुटेना. घसा पार बसला होता.

"म्हणजे कबूल," मास्तर म्हणाले.

वहिनींनी मिठाच्या कोमट पाण्याचा पेला पुढे केला. "गुळण्या करा, भाऊजी. मला पुढची रोपं लावायचीत."