तिरेसाची कंबर

डोळे मिटा पाहू, मुलांनो. सामोआ बेटावरच्या आपिया शहराचं टेनिसचं मैदान, तापलेलं. कडेला चटयांवर बसलेली गावची वडीलधारी माणसं. दिसलं? आता चौदा वर्षांची तिरेसा व्हा.

बेटाबेटांचे खेळ भरले होते. टेनिसच्या कांस्यपदकासाठी यजमान सामोआ आणि दूरच्या बेटावरचा नुमेआचा संघ एक-एक लढत जिंकून बरोबरीत होते. उरलेली तिसरी तिरेसाची. जिंकली तर पदक, हरली तर रिकाम्या हातांनी घरी.

समोरची नुमेआची कामिल चांगली उंच. पहिला सेट तिने बघता बघता घेतला.

बाजू बदलताना तिरेसाला वडीलधाऱ्यांसमोरून जावं लागे. ती कमरेत वाकून हळूच म्हणे, "तुलोऊ." म्हणजे, मोठ्यांच्या पुढून जाते, माफ करा. कामिलच्या गुरुजींनी ते पाहिलं, स्वतःच्या कमरेवर हात ठेवला आणि कामिलला जाळीकडे बोट दाखवून हसले.

"काय म्हणतायत हो ते?" पाणी पिताना तिरेसाने विचारलं.

तिला शिकवणारे तोएतू आजोबा खो खो हसत सुटले. "अगं, त्यांना वाटतंय तुझी कंबर धरली! आता चेंडू जाळीजवळच टाकतील, तुला वाकवायला."

"मला? ओहोटीला दिवसभर वाकून शिंपले कोण वेचतं?"

"तेच तर! पुढच्या वेळी जरा कण्हतसुद्धा जा."

"तुलोऊ खोटं म्हणायचं, आजोबा?"

आजोबांनी कान पकडले. "चुकलं. पण एक ऐक. ऑलिंपिकने टेनिसला एकोणीसशे चोवीस साली बाहेर काढलं, ते चौसष्ट वर्षांनी पदकासाठी परत घेतलं. आपण बेटवाल्यांनी सुवा शहरात भरलेल्या पहिल्याच बेटाबेटांच्या खेळांत, त्रेसष्ट साली, त्याला पाट मांडला. हा आपल्या घरचा खेळ. जा, पाहुणीचा पाहुणचार कर!"

चेंडू जाळीजवळ पडू लागले. तिरेसा धावायची, वाकायची, शिंपला उचलावा तसा चेंडू उचलायची आणि जाळीशी धावून आलेल्या कामिलच्या डोक्यावरून सोडायची. दुसरा सेट तिचा झाला. तिसऱ्यात तिरेसा पाच-चारने पुढे, एकच गुण हवा असताना कामिलने पुन्हा तोच डाव टाकला. चेंडू जमिनीपासून चार बोटांवर होता. डोक्यावरून येईल म्हणून कामिल मागेच थांबली होती; तिरेसाने तो अलगद जाळीपलीकडे ठेवला.

पदक सामोआचं! चटयांवरची माणसं उठून नाचायला लागली.

तिरेसाने कामिलशी हात मिळवला. बाहेरच्या वाटेवर कामिलचे गुरुजी तोंड पाडून बसले होते. त्यांच्यापुढून जाताना ती कमरेत वाकली, अगदी खाली, आणि म्हणाली, "तुलोऊ."